रोपाची माणसं, बियाची माणसं

बार्शीटाकळीच्या स्टँडवर त्या सकाळी आम्ही चौघं होतो. मी, माय, बाबा आणि माझी धाकटी बहीण मंगला. बाबा वांग्यांचे दोन कट्टे घेऊन अकोल्याच्या बाजाराला निघालेच होते, त्यामुळे मला पोचवायला कोणी खास निघालं होतं असं म्हणता येणार नाही. वांग्यांसोबत मीही. गाडी लागेपर्यंत मंगला माझी बॅग मांडीवर घेऊन बसली होती आणि तिची बिघडलेली चेन पुन्हा पुन्हा लावून बघत होती. शेजारी बसलेल्या एका बाईनं मायला विचारलं, एकट्या पोरीला कुठे पाठवता म्हणून. माय म्हणाली, "अमरावतीले, कंपनीत. मोठी रोपाची हाये माही. कुठीबी लागून जाईन. हे लहानी बियाची हाये. हिले हालवलं का गेलीच समजा."

मंगला हसली. मीही हसले. माझ्या अंगात नवा ड्रेस होता, तो मंगलानंच शिवला होता.

आता खरी गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कंपनीची पत्रं दोन आली होती. मी मध्ये दोन वर्षं घरी बसले होते, त्यामुळे आम्ही दोघी बहिणी अकोल्याला शिवणकामाच्या एकाच वर्गात होतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कपड्यांची नवी कंपनी निघाली होती. त्यांची माणसं आमच्या वर्गात आली, प्रत्येकीला मशीनवर बसवून एक बाही शिवायला लावली आणि आठ-दहा जणींना पत्रं पाठवली. एक माझ्या नावाचं होतं, एक मंगलाच्या. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ होती, हे आमच्या वर्गातल्या कोणालाही विचारा. गेले मी.

बार्शीटाकळीहून अमरावती तीन तासांवर आहे, अकोल्याला गाडी बदलून. पुण्याला गेलेले, दुबईला गेलेले माझ्या शाळेतले लोक मला म्हणतात, तुझं कसलं आलंय गाव सोडणं, तू तर संध्याकाळी डबा विसरलीस तर परत येऊन नेशील. त्यांचं हसणं मी समजू शकते. पण बाबांनो, तीन तासांवर राहणाऱ्या माणसाला एक त्रास तुमच्यापेक्षा जास्त असतो. तुम्हाला येता येत नाही. मला येता येत होतं, आणि मी येत नव्हते. दिवाळीला दोन दिवस, अक्षय तृतीयेला एक, आणि बाबा गेले तेव्हा पाच. बारा वर्षांचा हिशेब एवढाच निघतो.

राजापेठेत मी एक खोली भाड्यानं घेतली. सुरुवातीला तिघी होतो, मग दोघी, आता गेली पाच वर्षं मी एकटीच. खाली झेरॉक्सचं दुकान, वर एक शिकवणी वर्ग. सकाळी सहाला मुलांच्या गाड्या अशा लागायच्या की आपल्याच जिन्यातून उतरायला कोणाची तरी स्कूटी सरकवावी लागायची. कंपनीची बस चौकात यायची. पहिल्या महिन्यात मी त्या बसमध्ये रोज रडले, असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. पण मी रडले नाही. मला फार मजा वाटत होती. पंख्याखाली झोपायचं, आपल्या पैशानं कचोरी खायची, आणि सकाळी उठल्यावर मेथीच्या जुड्या बांधायला बसायचं नाही. मायचं म्हणणं खरं ठरलं, मी लागले. लग्नाचा विषय इथं काढत नाही. मायनं तो इतक्या वेळा काढलाय की आता तो काढून काढून झिजला आहे.

मायचं ते रोप आणि बी काय ते सांगायला हवं. आमचं दीड एकराचं भाजीचं शेत. वांगी, टमाटर, मिरची, कोबी, झेंडू यांचं आधी वाफ्यात रोप करायचं आणि महिन्यानं उपटून दुसरीकडे लावायचं. उपटलेलं रोप दोन दिवस मान टाकतं, तिसऱ्या दिवशी उभं राहतं, आणि मग पहिल्या जागेपेक्षा जास्त वाढतं. उलट मुळा, गवार, भेंडी, काकडी, सांबार, म्हणजे ज्याला पुण्यात कोथिंबीर म्हणतात ते, यांचं बी जिथे टाकलं तिथेच. ते उपटून दुसरीकडे लावलं तर मुळी तुटते आणि जातं. माय माणसांचीही अशीच वाटणी करायची. सासरी जाऊन महिन्यात हसू लागलेली पोरगी रोपाची. नोकरीवरून चार वेळा घरी पळून आलेला कोणाचा जावई बियाचा. तिच्या बोलण्यात यात कमीजास्त काही नव्हतं. वांगंही विकायचं आणि मुळाही विकायचा. कमीजास्त नंतर मी आणलं.

कंपनीत मी दोन वर्षांत ऑपरेटरची लाईन सुपरवायझर झाले आणि सहा वर्षांत फ्लोअर इन्चार्ज. शिवणकामात मी साधारणच होते, माणसं मला बरी ओळखता यायची. एका लाईनीत तीसेक बायका. पहिली कॉलर जोडते, दुसरी बाही, तिसरी बटनपट्टी. एक अडकली की मागे बंडलांचा ढीग लागतो. कोण कुठे बसवायची हाच माझा धंदा. मी मायच्या पद्धतीनं बसवायचे. काही जणींना सारखं इकडून तिकडे हलवलं तरी त्या खुलायच्या, त्यांना मी रोज वेगळ्या मशीनवर टाकायचे. काही जणींची जागा बदलली की त्यांचा हातच थांबायचा. त्यांना मी कधी हलवलं नाही. टार्गेट पूर्ण व्हायचं. बायकाही खूश असायच्या. आमचे मॅनेजर साहेब पुण्याचे. त्यांना माझं बोलणं सुरुवातीला फार लागायचं. एकदा मी फोनवर "साहेब, काय करून राहिले तुमी?" विचारलं, तर त्यांना वाटलं मी जाब विचारतेय. पण माझी लाईन कधी अडत नाही हे त्यांनी बघितलं होतं.

मग एक दिवस पुण्याहून ट्रेनर मॅडम आल्या. आम्हा सुपरवायझर बायकांना एका खोलीत बसवलं आणि कागद वाटले. सोबत काम करणाऱ्यांचे स्वभाव ओळखायचे, त्यासाठी निसर्गाकडे बघायचं. तुम्ही कोण आहात ते निवडा: नदी, डोंगर, वारा की आग? एक सुपरवायझर हळूच म्हणाली, "मॅडम, नदी उन्हाळ्यातली धरायची का पावसाळ्यातली?" मॅडम कागद चाळू लागल्या. शेवटी निम्म्या बायकांनी डोंगर लिहिलं, कारण डोंगराला दिवसभर बसायला मिळतं. साहेब मागे उभे होते. ते म्हणाले, "अर्चनाताई, तुमची काहीतरी वेगळी पद्धत आहे ना? सांगा की."

मी उभी राहिले आणि रोप-बियाचं सांगितलं. खरं सांगते, त्या दिवशी जो मान मिळाला तो मला बाबांनीही कधी दिला नव्हता. मॅडमनी लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. आठ दिवसांत ऑफिसातल्या एका मुलीनं मोठ्या पुठ्ठ्यावर तक्ता केला आणि फ्लोअरवर लावला. सगळ्या बायकांची नावं, नावापुढे हिरवा ठिपका म्हणजे रोपाची, पिवळा ठिपका म्हणजे बियाची. ठिपके कोणी ठरवले? मी. एका दुपारी, चहा पिता पिता, पाऊण तासात दीडशे बायकांचे. बायका गमतीनं एकमेकींना "ए हिरवी", "ए पिवळी" म्हणू लागल्या. मला ते ऐकून बरं वाटायचं. आपल्या मायचं काहीतरी भिंतीवर लागलंय असं वाटायचं.

सुनंदाच्या नावापुढे मी पिवळा ठिपका लावला. सुनंदा आमची सगळ्यात चांगली ओव्हरलॉक ऑपरेटर. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, एक मुलगी, दिराच्या घरात राहायची. बोलायची कमी, डबा भिंतीकडे तोंड करून खायची. एकदा मी तिला तीन नंबरच्या लाईनीतून पाच नंबरला हलवलं होतं, तर दोन दिवस बाथरूममध्ये जाऊन रडली. तिसऱ्या दिवशी मी तिला परत तीन नंबरला आणलं आणि मनात शिक्का मारला. बियाची. हिला हलवायचं नाही.

दीड वर्षापूर्वी कंपनीनं नाशिककडे दुसरं युनिट काढलं. तिथल्या नव्या मुलींना शिकवायला आमच्याकडच्या सात बायका कायमच्या पाठवायच्या होत्या. पगार वाढणार होता आणि प्रत्येकीला कंपनीच्या क्वार्टरमध्ये एक खोली मिळणार होती. साहेब म्हणाले, "नावं तुम्हीच काढा, तुमचा तक्ता आहेच." मी तक्त्यासमोर उभी राहिले आणि सात हिरव्या काढल्या. कोणालाही विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही, असं नाही. सुचलं होतं. मग वाटलं, विचारलं तर सगळ्याच हो म्हणतील आणि नसता गोंधळ होईल. काम पटकन झालं. साहेबांनी शाबासकी दिली.

सात जणी गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सुनंदा जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. डबा उघडला नव्हता. म्हणाली, "ताई, नाशिकले जाणाऱ्यात माहं नाव काहून नोतं?"

मी म्हटलं, "तुम्हाला जमलं नसतं हो सुनंदाताई. साधी लाईन बदलली तर तुम्ही दोन दिवस रडलात."

तिनं डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "ते लाईनीपायी रडली का मी? त्या हप्त्यात दिरानं माह्या पोरीचं नाव शाळेतून काढलं होतं. तुमी इचारलं असतं त सांगतलं असतं मी."

मी माझा डबा बाजूला सरकवला. ती म्हणाली, "थ्या क्वाटरच्या खोलीले आतून कडी होती ना, ताई? मले ते कडी पाहिजे होती. मी अन् माही पोरगी, अन् आतून कडी." आणि मग, आवाज न चढवता, "मी बियाची हावो हे तुमाले कोनं सांगतलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मी साहेबांकडे धावले. ते चांगले गृहस्थ, पण सातच जागा होत्या आणि त्या भरल्या होत्या. "पुढच्या वेळी नक्की बघू," म्हणाले. ती पुढची वेळ अजून आलेली नाही. मी तक्ता काढून टाकला. सुनंदाची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या." ती अजून आमच्याकडेच आहे, तीन नंबरच्या लाईनीत. कामात काडीचा फरक नाही. फक्त त्या दिवसापासून ती मला ताई म्हणत नाही. मॅडम म्हणते.

लोकांना वाटेल एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय. मला जेवण जाईना. "कोनं सांगतलं" हे तिचे दोन शब्द बसमध्ये, जिन्यात, बाजारात कानात वाजत राहायचे. आणि दर वेळी उत्तर म्हणून मला मायचा आवाज ऐकू यायचा, आणि ती सुनंदाबद्दल बोलत नसायची. असं वर्षभर चाललं, आणि शेवटी या महिन्यातल्या एका रविवारी मी बार्शीटाकळीला गेले. सण नव्हता, तेरवी नव्हती. दारात मला बघून मायनं विचारलं, "काय झालं वं? नोकरी गेली काय?"

घरी आता माय, मंगला, मंगलाचा नवरा गजानन आणि त्यांची सात वर्षांची गौरी एवढे असतात. आम्हाला भाऊ नाही, म्हणून शेत बघायला जावई घरातच आणला. माणूस साधा आहे, पहाटे भाजी घेऊन अकोल्याला जातो, दुपारी येतो, हळू बोलतो. मायचे गुडघे गेलेत, ती ओट्यावर बसून सगळं चालवते. मंगलानं विहिरीजवळ हिरवी जाळी ताणून नर्सरी काढली आहे. मी गेले तेव्हा ती तिथे काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये रोपांना पाणी मारत होती. मी वाकून पान बघितलं आणि बघतच राहिले.

"हे काकडी हाये ना वं?" मी विचारलं. अमरावतीत माझं बोलणं बदललंय असं सगळे म्हणतात, पण मंगलासमोर ते आपोआप जागेवर येतं.

"हाव."

"काकडीचं रोप? काकडी त बियाची ना?"

"आता नाही रायली," मंगला म्हणाली. "काकडी, कारलं, टरबूज, साऱ्याईचे रोपं जातात माह्या इथून. पयले आपण उपटत होतो, मुळी तुटे, मंग म्हणे का लागत नाही. आता मातीसकट उचलतो. तिले समजतबी नाही जागा बदलली म्हणून." तिनं ट्रेच्या एका खाचेतून रोप अलगद वर काढून दाखवलं. मुळांभोवती नारळाच्या भुशाचा गोळा तसाच होता. मग परत ठेवून दिलं.

मी तिथेच बांधावर बसले आणि तिला सुनंदाचं सगळं सांगितलं. तक्ता, ठिपके, नाशिक, कडी. ती पुढच्या ट्रेमध्ये बी टोचत होती, एका खाचेत एक. हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "तिनं तुले म्हणलं तरी. बरं केलं. मी तेवढंबी नाही म्हणलं."

आता मी जे लिहिणार आहे ते मी त्या दिवसापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं. ती दोन पत्रं आली त्या दिवशी बाबा म्हणाले होते, दोघींना एकदम पाठवत नाही, एक जाईल. कोण, हे मायनं ठरवायचं होतं. माय चहा गाळत होती. म्हणाली, मोठी रोपाची आहे, लहानी बियाची. मग तिनं माझ्याकडे बघितलं. तिची खात्री नव्हती. ती मला विचारत होती. मी लगेच म्हणाले, "हाव माय. मंगलीले नाही जमणार. ते रडन तिथी." मला ठाऊक होतं की मंगला रडणारी नाही. लहानपणी विंचू चावला तेव्हाही ती रडली नव्हती. मला हेही ठाऊक होतं की दोघींची शिवण शेजारी ठेवली तर कंपनी कोणाला बोलावेल. म्हणून मी घाई केली. बस, एवढंच घडलं. भांडण नाही, कट नाही. चहा गाळून होईपर्यंत माझ्या बहिणीचं आयुष्य ठरलं.

हे मी मंगलाला सांगितलं. ती म्हणाली, "मी चुलीपाशीच होती ना. आयकलं होतं मी."

"बारा वर्षं बोलली काहून नाही मंग?"

"तू इचारलं काहून नाही?"

जाळीबाहेर गजानन रिकामे क्रेट उतरवत होता. मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, कारण रडायचा हक्क तिचा होता. मग मी जे केलं ते बघा. डोळे पुसले आणि म्हटलं, "चाल माह्यासंगं. मी साहेबाले सांगते, तुले मशीन भेटन. गौरीले तिथच्या शाळेत टाकू. माही खोली हायेच."

मंगलानं ट्रे खाली ठेवला. इतकी वर्षं मी तिला चिडलेली बघितली नव्हती. "झालं सुरू. पुन्हा तूच ठरवून राहिली ना? हे नर्सरी मी उभी केली. बारा गावचे लोकं येतात माह्याकडे. मले मशीन पाहिजे का, इचारलं का तुनं? मी इथी खुश हावो का नाही, हेबी नाही इचारलं."

"खुश हायेस?"

"काही दिवस हावो. काही दिवस नाही." ती पुन्हा बी टोचायला लागली. "पन मी हे निवडलं नाही, ताई. माह्या पुढ्यात येऊन पडलं. मंग मी ते चांगलं केलं. दोन अलग गोष्टी हायेत."

मी विचारलं, "मंग तुले काय पाहिजे?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं आणि घाई न करता थांबले. तिनं ट्रे पूर्ण भरला. दुसरा ओढला. तोही अर्धा भरला.

"आठ दिवस," ती म्हणाली. "आठ दिवस मले कोनी आवाज नाही दिला पाहिजे. तुह्या खोलीची चाबी दे अन् तू इथी राय. मी तिथी काय करन, कुठी जाईन, फोन करन का नाही, काही इचाराचं नाही."

मी रजा टाकली. साठलेली होतीच, बारा वर्षांत घ्यायची गरज कुठे पडली होती. गजानन "जाऊ द्या, मी पाहतो इकडचं" एवढंच म्हणाला. मायला मात्र पटलं नाही. "तिले नाही सोसत दुसरीकडचं," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, "माय, तुले कोनं सांगतलं?" आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली, कारण तिला मीच सांगितलं होतं.

मंगला गेली त्याला आज नऊ दिवस झाले. मी हे तिच्या नर्सरीत, उलट्या क्रेटवर बसून लिहिते आहे. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत त्यांना एक सांगते. आपण घराच्या आठवणी काढतो तेव्हा विहीर आठवतो, चुलीचा धूर आठवतो, बाजाराचा दिवस आठवतो. मीही तेच आठवायचे. पण त्या घरात दिवसभर आवाज कोणाच्या नावाचा असतो, हे मला आठवत नव्हतं. ते मला या नऊ दिवसांत कळलं. सकाळी माय ओट्यावरून हाक मारते, "मंगला, पाणी तापलं काय?" गौरी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि माझ्या तोंडाकडे न बघता "आई" म्हणते. गजानन बाजारातून आला की दारातूनच, "मंगला, क्रेट कुठं ठेवू?" गाडीवरून आलेला शेतकरी, "मंगलाताई, टरबुजाचं रोप तयार हाये का?" पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला सांगितलं, मंगला नाही, मी आहे. लोक ओशाळायचे, "हाव हाव, अर्चना ना तू," म्हणायचे, आणि तासाभरात पुन्हा तिलाच हाक मारायचे. त्यांची चूक नाही. माझ्या नावाची हाक या घरात कोणाला मारायची वेळच आली नाही. दिवाळीला आलेल्या पाहुणीला कोण कामाला हाक मारतं? तिला चहा देतात.

मला घर हवं तेव्हा इथे होतं, कारण मंगला इथे होती. मी त्याला माझं घर म्हणत होते. ती त्याला काय म्हणत असेल, हे मला आजही माहीत नाही.

काल आठ दिवस पुरे झाले. संध्याकाळच्या गाडीनं ती आली नाही. फोनही आला नाही. मायनं मला दोनदा फोन लावायला सांगितलं, मी लावला नाही. तिनं अट घातली होती. ती आजच्या गाडीनं येईल, उद्या येईल, की आणखी थांबेल, ते तिलाच ठाऊक. तिनं यावं असं मला फार वाटतंय, हे कबूल करते. कंबर मोडली आहे, हात पाण्यानं फाटलेत, कंपनीत साहेब वाट बघत असतील. पण तिला ये म्हणायला माझं तोंड नाही.

आता हे लिहिता लिहिता ओट्यावरून मायची हाक आली. "मंगला!"

"ओ माय," मी म्हटलं, आणि उठले.